तिसरा ठोका

१

सकाळी पावणेसहाला पंपहाऊसचं कुलूप काढायचं, खिडकी उघडायची, बेअरिंगला ग्रीस घालायचं आणि पाना हातात घेऊन पाइपाशी उभं राहायचं. अठ्ठावन्न साली माझी नोकरी एवढीच होती. पवनेचं पाणी उपसून पिंपरीतल्या आमच्या कंपनीला आणि कंपनीच्या कॉलनीला पाजायचं. लोक म्हणत, "दत्तोबा, तुझं काय बाबा, बटण दाबायचं आणि बसायचं." बसा म्हणावं एक दिवस त्या आवाजात, मग बोला.

टाकी तिथून दोन फर्लांगांवर. तिथल्या व्हॉल्व्हवर चिमाजी. टेलिफोन साहेब लोकांना, आम्हाला पाइप. चिमाजीनं व्हॉल्व्ह उघडला की तो पान्यानं पाइपावर तीन ठोके द्यायचा. तीन म्हणजे विचारणं: चालू करायचं का? मी इकडून दोन द्यायचे. दोन म्हणजे हो. काही बिघाड असला तर एकच ठोका द्यायचा. एक म्हणजे नको, थांब. सहा वर्षं आमची ही बोली चालली होती. इतकी अंगात मुरली होती, की तीन ठोके आले की हात आपोआप दोन द्यायचा. डोक्याला त्याची खबरही नसायची.

हीच बोली मी घरी नेली. माझी इंदू जन्मापासून बहिरी. सहावं लागलं तरी तोंडातून शब्द नाही. मी घरी आलो की दाराच्या फळीवर तीन ठोके द्यायचो. ती आतून फळीला तळहात लावून बसलेली असायची, हाताला कळायचे तिला. मग आतून तिचे दोन ठोके यायचे, तेव्हाच मी उंबरा ओलांडायचा. माझी बायको सावित्री म्हणायची, "बापलेकीचं नाटक होईपर्यंत माझा चहा गार." पण म्हणताना हसायची.

एक ठोका मी इंदूला शिकवलाच नाही. बाप विचारतोय तर लेकीनं नाही कशाला म्हणायचं?

२

त्या वर्षी माझेच कान जायला लागले. पंपावर कुणाचे राहतात? पंपाचं दुखणं आम्ही कानानं ओळखतो. लाकडी काठीचं एक टोक बेअरिंगवर ठेवायचं, दुसरं कानाला लावायचं. बेअरिंग बिघडायला लागलं की काठीतून कुरकुर येते. माझ्या कानाला ती कुरकुर येईना, म्हणून मी गुपचूप काठी दातात धरायला लागलो. दातातून थोडंफार कळायचं. पण मे महिन्यात कंपनीच्या डॉक्टरची तपासणी होती, आणि डॉक्टर काही दातात काठी धरू देणार नव्हता.

कादरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चिंचवड स्टेशनाजवळ होतं. मिलिटरीच्या लिलावातला माल आणून तो त्यातून काहीबाही जुळवायचा. त्यानं मला पानाच्या डब्याएवढी एक पेटी दाखवली. पेटीला जाळी, आत रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह, बॅटरी, आणि एक वायर थेट कानात.

"दत्तोबाभाऊ, चांगल्या कानाच्या माणसाला ऐकू येत नाही, तेसुद्धा तुम्हाला ऐकू येईल," तो म्हणाला.

"आणि जन्माच्या बहिऱ्याला?"

इंदू त्याला माहीत होती. त्याच्या लेकीच्या, फरीदाच्याच वयाची ती. "ते खुदालाच ठाऊक," तो म्हणाला. "आधी तुमच्यावर चालवून बघू. काय काय ऐकू येतं ते मला नीट सांगायचं. मग इंदूसाठी छोटं करतो. कानात नाही, कानामागच्या हाडाला लावायचं."

मी पेटी कापडी पिशवीत घालून छातीवर बांधली. सावित्रीला सांगितलं तर ती पदरानं डोळे पुसायला लागली. "तिनं एकदा आई म्हणावं हो," म्हणाली. "एकदाच. मग नाही म्हणाली तरी चालेल."

३

पहिले दोन दिवस मी वेडा झालो होतो. खरंच. पंपातलं पाणी कुठं वळतं, कुठं आपटतं, सगळं वेगवेगळं ऐकू यायला लागलं. छपरावर सरडा चालला तरी कळायचा. डाव्या बेअरिंगची कुरकुर बिघाड व्हायच्या आधीच सापडली आणि ओव्हरसियर उद्धवरावांनी पाठ थोपटली. "काय कान आहेत तुझे, दत्तोबा!" मी म्हटलं, देवाची कृपा. पेटी शर्टाच्या आत होती आणि वायर मुंडाशाखाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता टाकी भरली आणि मी पंप बंद केला. दहा ते बारा पंपहाऊस गार आणि गप्प असतं. मी कोपऱ्यात उकिडवा बसून जुने वायसर निवडत होतो.

तीन ठोके आले.

माझ्या हातानं पाना उचलला आणि दोन दिले. दिल्यावर मी परत वायसर निवडायला लागलो. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. बारा वाजायला दोन तास होते, चिमाजी आत्ता कशाला विचारेल? आणि ठोके त्याचे नव्हते. चिमाजी एकसारखे देतो, टक टक टक. हे दोन लागोपाठ आले होते आणि तिसरा उशिरा. आता येत नाही असं वाटून गेल्यावर, मागून ओढत आणल्यासारखा तिसरा.

आणि मी पाना मारला होता कशावर? कोपऱ्यातल्या जुन्या लाइनवर.

ती लाइन लढाईच्या वेळी मिलिटरीनं टाकलेली. भिंतीतून वीतभर बाहेर येते आणि संपते. तोंडावर जाड लोखंडी झाकण, आठ बोल्ट, सगळे गंजून एक झालेले. कशालाच जोडलेली नाही. मी तिच्यावर डबा ठेवून जेवायचो.

४

चिमाजी दुपारी विडीला आला तेव्हा मी विचारलं.

"म्या?" तो म्हणाला. "न्हाई बा. दहाला म्या भाकरी खात हुतो. आन् त्या लाइनीतनं कोन ठोकंल? मेल्याली लाइन हाय ती." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "दत्तोबा, लई ऐकाय लागलास व्हय रं!"

हसलो मी. भुताखेतावर माझा विश्वास नाही. पाइप तापला की ताणतो, ताणला की टकटक करतो, हे मला शाळेतल्या पोरापेक्षा जास्त कळतं. पण तापलेला पाइप तीनच ठोके देऊन थांबतो का? आणि दुसऱ्या दिवशी बरोबर दहालाच देतो का?

दुसऱ्या दिवशी मी पाना लांब ठेवला होता. ठोके आले, मी काही उत्तर दिलं नाही. पण उठून झाकणाला हात लावला आणि हात मागं घेतला. झाकण ओलं होतं. पंपावरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही: आत गार पाणी असेल तरच उन्हाळ्यात पाइपाला घाम येतो. रिकाम्या पाइपाला कधी येत नाही.

उद्धवरावांना मी नकाशा विचारला. त्यांनी कपाटातून काढून टेबलावर पसरला. "ही बघ तुझी जुनी लाइन. पंपहाऊसातून निघते, नदीच्या पात्राखालून पलीकडच्या रहाटणी गावाच्या अंगाला जाते." त्यांचं बोट पात्राच्या मध्यावर थांबलं.

"पुढं?"

"पुढं रेघ नाही. सोडून दिली असेल. का रे?"

"ओल धरतेय, साहेब."

"मग काँक्रीट ओतून बुजवून टाकू. महिनाअखेरीस माणसं पाठवतो."

त्या संध्याकाळी कादरकडं गेलो. त्यानं पेटी उघडली, सगळं तपासलं, स्वतःच्या कानाला लावून बघितलं. पेटी ठीक होती.

"नसलेले आवाज काढत असेल का ही?" मी विचारलं.

"खरखर काढेल, शिट्टी काढेल," कादर म्हणाला. "पण ठोके? नाही, भाऊ. ही पेटी फक्त मोठं करते. तुम्हाला ऐकू आलं असेल, तर ते आहे."

मला त्या माणसाचा रागच आला. खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?

घरी इंदू मोरीत बसली होती. कंपनीच्या क्वार्टरला नळ होता आणि तिला त्या नळाच्या पाइपाला हात लावून बसायचा नादच होता. पाणी आलं की पाइप थरथरतो, त्याची गंमत वाटायची तिला. पितळी वाटीनं ती पाइपावर ठोके द्यायची, दोन दोन, दोन दोन. कुणी विचारलेलं नसताना.

५

शुक्रवारी ठोके जुन्या लाइनमधून आले नाहीत.

दहा वाजून गेले. मी झाकणाकडं बघत उभा होतो. झाकण कोरडं ठक्क होतं. सुटलो म्हटलं. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागं, चालू लाइनीत, टाकीकडं जाणाऱ्या आमच्या रोजच्या पाइपात, ते दोन ठोके आले. मग तो तिसरा.

मला भीती वाटली. सरळ सांगतो, लाज कसली त्यात? ही लाइन त्या लाइनीला कुठंच जोडलेली नव्हती. दोघींच्या मधे माझं पंपहाऊस होतं, आणि मी होतो. आणि तीन दिवसांपूर्वी विचारल्यावर मीच हो म्हणालो होतो.

पुन्हा आले. मी हात काखेत दाबून धरले. तिसऱ्यांदा आले तेव्हा पाना घेतला आणि अंगातलं बळ एकवटून पाइपावर एक ठोका हाणला. नको. थांब.

सगळं शांत झालं. इतकं शांत, की पेटीतून मला माझ्याच छातीतली धडधड ऐकू येत होती. मी स्टुलावर बसलो. देवाचं नाव घेतलं, तेही मोठ्यानं. सावित्रीनं ऐकलं असतं तर पेढे वाटले असते.

मग पाइपात खूप लांबून, कॉलनीच्या अंगानं, ते ठोके पुन्हा ऐकू आले. एक, दोन. थांबून तिसरा. ते आता मला विचारत नव्हतं.

आणि लगेच उत्तर आलं. दोन ठोके. बारीक, पितळी, घाईघाईनं दिलेले.

कुलूप लावलं की नाही, पाना कुठं टाकला, काही आठवत नाही. पायात वहाणही नव्हती. कॉलनीच्या रस्त्यानं मी धावत सुटलो आणि बायका दारात येऊन बघायला लागल्या. सावित्री अंगणात पापड वाळत घालत होती. "अहो, काय झालं?" म्हणेपर्यंत मी आत होतो. त्या दिवशी दारावर ठोके द्यायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

इंदू मोरीत बसली होती, माझ्याकडं पाठ करून. एक हात पाइपावर, एका हातात वाटी. नळ बंद होता. तरी बादलीतल्या पाण्यावर बारीक बारीक लहरी उठत होत्या. आणि इंदू मान डोलावत होती. कुणी काही समजावून सांगत असावं आणि आपल्याला ते पटत असावं, तशी.

"इंदू!" मी ओरडलो. बहिऱ्या पोरीला हाक मारून काय उपयोग? पण बापाच्या तोंडातून निघायचं ते निघालं.

इंदूनं आधी मान पाइपाकडं कलती केली. क्षणभर तशीच राहिली. मग वळून माझ्याकडं बघितलं.

माझ्यामागं सावित्रीच्या हातातलं ताट खाली पडलं. त्या आवाजालाही इंदू दचकली.

६

सावित्रीनं कॉलनीभर पेढे वाटले. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, कधीकधी बंद नस मोकळी होते, नशीब समजा. दहाव्या दिवशी इंदू "आई" म्हणाली. सावित्रीनं तिला उराशी धरलं आणि इतकी रडली, की शेजारच्या छबूबाई काय वाईट झालं म्हणून धावत आल्या. मीही रडलो. पण मी भीतीनं रडत होतो, हे कुणाला कसं सांगणार?

कारण मला ते दिसत होतं. हाक मारली की इंदू लगेच वळायची नाही. आधी मान कलती करायची, कुणाकडून तरी ऐकून घ्यायची, मग वळायची. तिचे हात गार आणि ओले असायचे, भर उन्हाळ्यात. कपाळावर घामाचे थेंब यायचे, पण अंग तापलेलं कधीच नसायचं. सावित्री म्हणायची, पोर अशक्त आहे, दूध वाढवू.

आणि पंपहाऊसात रोज दहा वाजता ते परत मला विचारायला लागलं. पेटी मी खुंटीला टांगून ठेवली होती. तरी ऐकू यायचं.

एका सोमवारी मी एक ठोका दिला. बस झालं म्हटलं. दोन वाजता शिफ्ट सुटल्यावर घरी गेलो, तर सावित्री इंदूला खांद्याला धरून गदागदा हलवत होती. "इंदे, अगं ऐक ना! इकडं बघ ना गं!" इंदू तिच्या ओठांकडं बघत होती, पूर्वी बघायची तशी. दहा वाजल्यापासून ऐकू येईनासं झालं होतं. सावित्री त्या रात्री जेवली नाही. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो.

मंगळवारी दहा वाजता मी दोन ठोके दिले.

घरी गेलो तर दारातच इंदूचा आवाज आला. "आई, बाबा आले." मी अजून फळीला हातही लावला नव्हता.

महिनाअखेरीस उद्धवराव सिमेंटची पोती आणि दोन गवंडी घेऊन आले. मी झाकणापुढं उभा राहिलो. म्हणालो, "राहू द्या, साहेब. पंपाच्या चौथऱ्याला त्या लाइनीचा आधार आहे, बुजवाल तर हादरा बसेल." शुद्ध थाप होती. पण कंपनीत माझ्या कानांवर सगळ्यांचा विश्वास. त्यांनी पोती परत पाठवली.

कादर इंदूसाठी केलेली लहान पेटी घेऊन घरी आला. त्याला बातमी कळली नव्हती. सावित्रीनं हसत हसत सगळं सांगितलं, चहा टाकला. कादरला मनापासून आनंद झाला. "तरी चालवून तर बघू दे," म्हणाला. गंमत म्हणून त्यानं पेटी इंदूच्या पाठीला लावली, डॉक्टर लावतात तशी, आणि वायर स्वतःच्या कानात घातली.

त्याचं हसू गेलं. पेटी त्यानं हळूच पिशवीत ठेवली आणि चहा न घेता उठला. मी त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेलो.

"काय ऐकलंस?"

तो माझ्याकडं बघत नव्हता. "पाणी वाहतंय, भाऊ," म्हणाला. "पुष्कळ पाणी. आणि त्या पाण्यात—" तिथंच थांबला. पुन्हा तो आमच्या घरी आला नाही.

७

मग एक रविवार आला. मी दुपारी जेवून चटईवर पडलो होतो. सावित्री पाटावर बसून तांदूळ निवडत होती. इंदू आली आणि माझ्या छातीवर डोकं ठेवून झोपली. तिचे ओले केस माझ्या हनुवटीला लागत होते. मोरीत नळ बंद होता, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. कितीही झालं तरी माझी पोर. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो.

तिनं बोटाच्या पेरानं माझ्या छातीवर ठोके दिले.

इंदू कधी विचारत नसे. विचारायचो मी, ती उत्तर द्यायची. तीन ठोके तिनं आयुष्यात कधी दिले नव्हते. मी मनात मोजले. एक, दोन. संपलं म्हटलं, दोनच होते, आपली सवयीनं देतेय. आणि मग, मी श्वास सोडल्यावर, तिसरा आला. ओढत आणल्यासारखा.

मी मान उचलून बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर झोप होती. हात तेवढा जागा होता आणि माझ्या छातीवर थांबला होता, उत्तराची वाट बघत.

सावित्रीनं सूप खाली ठेवलं. "अगं बाई, आता ती विचारायला लागली!" तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. सहा वर्षांत मी तो चेहरा असा बघितला नव्हता. "अहो, गप्प काय बसलात? तिनं तुम्हाला उत्तरासाठी कधी ताटकळवलं होतं का? द्या की उत्तर."

एक ठोका म्हणजे नको. मला येत होता. माझं बोट वरही उचललेलं होतं.

मी सावित्रीकडं बघितलं. आणि इंदूच्या गार पाठीवर दोन ठोके दिले.